दहावीचा सेंड-ऑफ: वीस वर्षांनंतरचं भविष्य आणि वीस रुपयांची भेट

प्रिलिमचा शेवटचा पेपर झाला की दहावीच्या वर्गात एक विचित्र रिकामपण येतं. पोर्शन संपलेला असतो, बोर्ड अजून दारात आलेलं नसतं आणि नववीची पोरं सेंड-ऑफच्या तयारीत व्हरांड्यातून पळत असतात. याच दिवसांत मागच्या बाकावरून हमखास आवाज येतो, "मॅडम, फिशपाँड ठेवूया ना!"

मी नाशिकच्या एका माध्यमिक शाळेत मराठी शिकवते. दहावीची वर्गशिक्षिका म्हणून बरेच निरोप समारंभ पार पाडलेत. फिशपाँडला मी आता नाही म्हणते, त्याऐवजी आम्ही 'भविष्यवाणी' करतो. वर्गातल्या प्रत्येकाने दुसऱ्या एकाचं वीस वर्षांनंतरचं आयुष्य चार-पाच ओळींत रंगवायचं आणि त्या आयुष्यात त्याला लागेल अशी एक वस्तू भेट द्यायची. वस्तूची किंमत जास्तीत जास्त वीस रुपये. ऐकायला सोपं वाटतं, पण नीट तयारी केली नाही तर याचाही फिशपाँडच होतो. म्हणून हे सविस्तर लिहितेय. बारावीवाल्यांनाही हे जसंच्या तसं चालेल.

फिशपाँड का बंद केला तेही सांगते. आपल्याकडे त्याला शेलापागोटे म्हणतात. शेला आणि पागोटं हा खरा मानाचा आहेर, पण गॅदरिंगमध्ये हा शब्द कधी उलटा फिरला कोणास ठाऊक. निनावी चिठ्ठ्या खोक्यात पडतात, कोणीतरी त्या माईकवर वाचतं आणि हॉल हसतो. एका वर्षी एका मुलीच्या दातांवरची चिठ्ठी वाचली गेली. हॉल हसला, तीही हसली. दुपारी ग्रुप फोटोच्या वेळी ती सापडेना. घरी निघून गेली होती. त्या वर्षीच्या फोटोत ती नाही. चिठ्ठी कोणी लिहिली ते शेवटपर्यंत कळलं नाही, पण माईक माझ्या हातात होता.

आधी तारीख पक्की करा

पूर्वी दहावीचा पहिला पेपर मार्च उजाडल्यावर असायचा, त्यामुळे फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा मोकळा मिळायचा. २०२५ मध्ये लेखी परीक्षा २१ फेब्रुवारीला सुरू झाली आणि त्याआधीचे दिवस तोंडी आणि प्रात्यक्षिकांनी खाल्ले. मुलांकडे आता जानेवारीचा शेवटचा आठवडाच उरतो. आम्ही २६ जानेवारीनंतरचा पहिला शनिवार धरतो. झेंडावंदनासाठी काढलेला स्पीकर पुन्हा कपाटात जायच्या आत वापरून घ्यायचा, हे त्यातलं गुपित.

त्या शनिवारापासून मागे दोन आठवडे मोजा. चार दिवस पाहण्याचे, तीन लिहिण्याचे, दोन चाळणीचे, एक रविवार किंवा बुधवार खरेदीचा आणि बाकीचे दिवस दांड्यांसाठी. दहावीत दांड्या होतातच.

वेळेचं गणितही आताच करा. एक भविष्य वाचणं, हशा, त्या मुलाचं पुढे येणं आणि भेट उघडणं यात मिळून साधारण सव्वा मिनिट जातं. आमच्या वर्गात ४८ मुलं आहेत, म्हणजे बरोबर एक तास. साठ मुलं असतील तर सव्वा तास लागेल. त्यात मुख्याध्यापकांचं भाषण धरलेलं नाही. भाषण आधी ठेवा. एक तास हसून झाल्यावर कोणी 'विद्यार्थी मित्रहो' ऐकत नाही.

चिठ्ठ्या काढणं

नावांच्या चिठ्ठ्या करून एका डब्यात टाका आणि प्रत्येकाने एक उचलायची. स्वतःचंच नाव आलं तर परत टाकायची. जिवलग मैत्रीण आली तर बदलून घ्यायची, कारण जवळच्यांना एकमेकांची इतकी गुपितं माहीत असतात की कोणतं बाहेर काढायचं नाही हेच त्यांना कळत नाही. ज्याच्याशी वर्षभर बोलणं बंद आहे त्याची चिठ्ठी आली तरी बदलून द्या. मनोमिलनाचे प्रयोग दुसऱ्या दिवशी करा.

कोणाकडे कोण आलंय ते गुप्त ठेवायचं, पण भविष्याखाली लिहिणाऱ्याचं नाव असलंच पाहिजे. आपलं नाव जाणार म्हटलं की हात आपोआप जपून चालतो. माझा निम्मा त्रास या एका नियमाने वाचला.

चार दिवस नुसतं पाहायचं

पोरं लगेच लिहायला बसतात आणि मग 'तू मोठेपणी डॉक्टर होशील, खूप पैसे कमावशील' असलं काहीतरी माझ्याकडे येतं. ते शुभेच्छापत्र झालं. चार दिवस पेन उघडायचंच नाही, अशी मी ताकीद देते. वहीच्या मागच्या पानावर फक्त तीन गोष्टींची नोंद ठेवायची: हा माणूस रोज न चुकता काय करतो, कोणतं वाक्य सारखं म्हणतो आणि त्याच्या हातात सतत कोणती वस्तू असते.

गुण लिहू नका, कृती लिहा. 'ती हुशार आहे' याचं काही होत नाही. 'सरांचा प्रश्न पूर्ण व्हायच्या आत ती उत्तर देते' याचं भविष्य होतं. 'तो आळशी आहे' हा आरोप झाला. 'तो फळा पुसायला जातो आणि फक्त हात पुरेल तेवढाच पुसून येतो' हे निरीक्षण.

खरी अडचण येते ती गप्प मुलांची. प्रत्येक वर्गात चार-पाच जणं अशी असतात की वर्ष संपतं तरी त्यांच्याबद्दल कोणाकडे एक किस्सा नसतो. मग 'तू शांत आहेस, असाच राहा' असं लिहून पोरं मोकळी होतात. अशा वेळी मी त्यांना वर्गाबाहेर पाठवते. शिपाईमामांना विचारा, रिक्षावाल्या काकांना विचारा, ग्रंथालयाच्या बाईंना विचारा. एका वर्षी अशाच एका मुलीची चिठ्ठी ज्याला आली होती तो मुलगा तिसऱ्या दिवशी डोकं धरून बसला. मावशी झाडू मारत होत्या, त्याने त्यांना विचारलं. त्या म्हणाल्या, "ती व्हय? ती रोज समद्यांच्या मागून निघते. पंखे, ट्यूब समदं बंद करून जाते. चार वर्षं झाली, या वर्गाचं बटन मला दाबावं लागलं नाही." वर्गात हे कोणालाच माहीत नव्हतं. मलाही नव्हतं.

त्याने लिहिलं: "२०४३. महावितरणच्या सर्वात मोठ्या साहेब ऑफिसातून निघाल्या आहेत. ड्रायव्हर दोन तास गाडीत वाट पाहतोय. मॅडम अजून तिसऱ्या मजल्यावर आहेत, एकेका खोलीत जाऊन दिवे बंद करतायत. शहर म्हणतं, लोडशेडिंग झालं. नाही, मॅडम घरी निघाल्यात." भेट म्हणून त्याने घरातलं जुनं काळं बटण पुसून आणलं होतं. ते भविष्य ऐकून वर्ग हसला, मग मागे वळून तिच्याकडे पाहत राहिला. मावशीही दारात उभ्या होत्या.

एक भविष्य, तीन वेळा लिहिलेलं

आता लिहायचं कसं, ते एका उदाहरणातून सांगते. आमच्याकडे एक मुलगा होता, रोज पेन मागायचा. पाचवीपासून. त्याच्या दप्तरात पेन कोणी पाहिलं नाही. त्याच्यावर आलेला पहिला खर्डा असा होता: 'तू मोठेपणी भीक मागशील, कारण तुला मागायची सवय आहे.' लिहिणाऱ्याला हा जबरदस्त विनोद वाटत होता. मी विचारलं, "त्याच्या आईसमोर वाचशील?" तो गप्प बसला.

दुसरा खर्डा घाबरून लिहिलेला: 'तू मोठा उद्योगपती होशील आणि सगळ्यांना पेन वाटशील.' यात कोणी दुखावत नाही, पण कोणी हसतही नाही. शिवाय तो मुलगा यातून गायब झाला. पेन वाटणारा हा कोण?

मग आम्ही दोघं बाकावर बसलो. मी म्हटलं, त्याची सवय तशीच ठेव, त्याला फक्त खूप वर नेऊन बसव. इतका वर की तिथे पेन नसणं शक्यच नाही. पेन सगळ्यात जास्त कोणाला लागतं? सही करणाऱ्याला. सगळ्यात मोठी सही कोणाची? त्याने खिशातली दहाची नोट काढली आणि उत्तर तिच्यावरच होतं.

तिसरा खर्डा: "२०४६. नाशिक रोडचा नोटांचा कारखाना. नव्या नोटेच्या नमुन्यावर सही करायला रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर आले आहेत. लाल गालिचा, कॅमेरे, पोलीस. गव्हर्नर साहेब खुर्चीवर बसतात, कोटाचा एक खिसा चाचपतात, दुसरा चाचपतात आणि मागे वळून हळूच विचारतात, 'ए, पेन आहे का?'"

याच्यासोबतची भेट म्हणजे पाच रुपयांचं बॉलपेन, हातभर सुतळीला बांधलेलं. पोस्टाच्या काउंटरवर असतं तसं. सुतळीचं दुसरं टोक लिहिणाऱ्याने पेनवाल्याच्या शर्टाच्या काजात अडकवून दिलं.

या तीन खर्ड्यांतूनच माझे सगळे नियम निघाले. सवय जशीच्या तशी ठेवायची. माणसाला उंच जागी बसवायचं, खाली नाही. एकच प्रसंग घ्यायचा, अख्खी कारकीर्द नाही. वर्ष आणि जागा नाव घेऊन सांगायची. आणि सवय शेवटच्या ओळीपर्यंत दाबून धरायची. पहिल्याच ओळीत 'पेन मागणारा' आलं तर पुढचं सगळं पाणी.

जागेचा मुद्दा पोरांना पटत नाही. त्यांना सगळ्यांना अमेरिकेला पाठवायचं असतं. माझा आग्रह नाशिकचा, आणि तो अभिमानापोटी नाही. हशा ओळखीच्या जागेवर पिकतो. कॅलिफोर्नियात बसलेला इंजिनिअर डोळ्यांसमोर येत नाही, पण रविवार कारंजावर ट्रॅफिकमध्ये अडकलेली मंत्र्यांची गाडी लगेच दिसते. आणि आपल्याकडे माल काय कमी आहे? ज्याला परदेशी जायचंच आहे, त्याच्या पासपोर्टची पुस्तिकासुद्धा इथेच, नाशिक रोडच्या सिक्युरिटी प्रेसमध्ये छापतात. ओझरला मिग आणि सुखोई विमानं जोडली गेली. दिवसभर रील काढणाऱ्या मुलीला सांगा, १९१३ साली भारतातला पहिला पूर्ण लांबीचा मूकपट पडद्यावर आणणारे दादासाहेब फाळके त्र्यंबकचे, तिचे गाववालेच. चार नमुने देते, उचलायचे असतील तर उचला, पण आपल्या वर्गातल्या माणसाच्या मापाने शिवून घ्या.

रोज उशिरा येणारी, रोज एकच कारण सांगणारी: "२०४६. नाशिक रोड स्टेशन. पंचवटी एक्सप्रेस फलाटावर. पासवाले घड्याळ पाहतायत, सिग्नल हिरवा आहे, गार्डने शिट्टी दिली आहे. इंजिनात कोणी नाही. इतक्यात जिन्यावरून धापा टाकत ओळखीचा आवाज येतो, 'सर, सायकल पंक्चर झाली होती.'" भेट: पंक्चरच्या सोल्यूशनची ट्यूब.

कागदी विमानं उडवणारा: त्याला ओझरला नेमा. भेट म्हणून मी वर्षभर जप्त केलेली त्याची विमानं रबर लावून परत दिली. सतरा निघाली. शिक्षकांनो, जप्त केलेला माल फेकू नका, जानेवारीत कामाला येतो.

वर्गातली बित्तंबातमी सर्वांआधी जिच्याकडे असते ती: "२०४६. गोदावरीला पूर. पाणी किती चढलं ते पाहायला लोक आता दुतोंड्या मारुतीकडे जात नाहीत, तिला फोन करतात. ती पाणी धरणातून सुटायच्या आधी सांगते." भेट: पुठ्ठ्याचं मोजमाप, खाली 'घोटा' आणि वर 'डोकं' असं लिहिलेलं. (गोदाघाटावरच्या या मारुतीच्या मूर्तीला कुठपर्यंत पाणी लागलं, यावर नाशिककर पूर मोजतात.)

सहलीत दरवेळी हरवणारा. पांडवलेणीला चोवीस लेणी आहेत आणि हा पोरगा त्यातल्या पाचव्या की सहाव्या लेण्यात बसून डबा खात होता. आम्ही वर-खाली पळत होतो. त्याला २०४६ मध्ये न्यायचं नाही, २०३९ च्या सिंहस्थात न्यायचं. २०१५ झाला, २०२७ येतोय, त्यानंतरचा तो. "हरवले-सापडले कक्षाचे प्रमुख माईकवरून सांगत आहेत, 'ज्यांची माणसं हरवली असतील त्यांनी घाबरू नये, मंडपात यावं.' मंडप कुठे आहे, ते प्रमुखांनाच सापडत नाहीये." भेट: शिट्टी.

विनोदातली माहिती मात्र तपासून घ्या. निफाडकडच्या एका मुलाला लिहिलं होतं की हा २०४६ मध्ये लासलगावचा मोठा व्यापारी होणार, आणि भेट म्हणून एक कांदा, 'भाव मिळेपर्यंत कांद्याच्या चाळीत ठेव' अशा चिठ्ठीसकट. तो कांदा हातात घेऊन उभा राहिला, उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाला, "मॅडम, हा लाल कांदा आहे. हा चाळीत टिकत नाही. चाळीत उन्हाळ ठेवतात." त्या दिवसाचा सगळ्यात मोठा हशा त्याने घेतला, पण लिहिणाऱ्याचा चेहरा पडला. जानेवारीत बाजारात लालच कांदा असतो, हे शहरातल्या पोराला कुठून माहीत असणार?

चाळणी

सगळे कागद माझ्याकडे येतात. मी प्रत्येक वाचते, दोन वेळा. चार गोष्टी दिसल्या की कागद परत: शरीर, जात किंवा घरचा धंदा, मार्क, आणि जोड्या.

शरीराबद्दल वेगळं सांगायला नको. उंची, रंग, वजन, चष्मा, दात, आवाज फुटणं, सगळं त्यात आलं. घरचा धंदा जरा फसवा असतो. वडील रिक्षा चालवतात म्हणून मुलाला रिक्षावर बसवलं तर ते भविष्य होत नाही, तो टोमणा होतो. पण मुलगा स्वतः वर्गात छाती काढून 'आमची द्राक्षबाग' सांगत असेल, तर त्याला बागेत न्यायला हरकत नाही. तो आपणहून बोलतो का, एवढंच बघायचं. मार्कांवर तर अजिबात नको. तीन आठवड्यांवर बोर्ड आलंय, ३५ ची भीती ज्याला आहे त्याला ती रात्री झोपू देत नाही; 'तू २०४६ मध्येही दहावीतच असशील' हा विनोद त्याला हॉलमध्ये ऐकवू नका. हा दर वर्षी येतो. दर वर्षी परत जातो.

जोड्यांच्या बाबतीत पोरं हुशार असतात, आडून लिहितात. 'शेजारी राहायला कोण येईल ते सांगायला नको' अशा ओळीवर वर्ग का हसतो ते आपल्याला कळत नाही आणि तिथेच घोटाळा होतो. मला न कळलेली प्रत्येक ओळ मी काढायला लावते. 'मॅडम, त्यात काहीच नाहीये' असं म्हणाले तर नक्की काढते. वायनरीचे विनोदही नाशिकमध्ये येणारच. शाळा आहे, पुढे चला.

यानंतरही शंका वाटली तर ज्याच्यावर लिहिलंय त्याच्या बाकावरच्या जोडीदाराला कागद दाखवा. ज्याच्या शेजारी तो पाच वर्षं बसलाय त्याला माहीत असतं कुठे दुखतं. एकदा एका मुलाच्या सायकलवरचा अगदी निर्मळ विनोद जोडीदाराने थांबवला. ती सायकल आदल्याच आठवड्यात विकली गेली होती, घरी अडचण होती. आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं.

भेटवस्तू

वीस रुपयांची मर्यादा कडक ठेवा. एकाने दीडशेचं काही आणलं की बाकी सत्तेचाळीस जणांची वस्तू एकदम स्वस्त दिसायला लागते. आम्ही प्रत्येकी तीस रुपये घेतो. ४८ जणांचे १४४० होतात. ९६० भेटींचे, उरलेल्या ४८० मध्ये कार्डपेपर, सुतळी, डिंक आणि शिक्षकांच्या भेटी. ज्याला तीस जमत नाहीत त्याच्याकडून मागायचे नाहीत आणि त्याचा हिशेब फळ्यावर लिहायचा नाही. सगळ्यांचे वीस खर्च होत नाहीतच, त्यामुळे तेवढं सांभाळलं जातं.

खरेदीला जानेवारीसारखा महिना नाही. संक्रांत ते रथसप्तमी हळदीकुंकवाच्या वाणासाठी मेन रोड आणि दहीपुलाकडे डझनाच्या भावात वस्तू मांडलेल्या असतात: छोट्या चाळण्या, गाळण्या, डब्या, कुलपं, चमचे. चाळणी घ्यायची तर याच दिवसांत. ज्याला वाणातलं काही चालत नाही त्याने बुधवारी गंगेवरच्या, म्हणजे आमच्या गोदावरीवरच्या, बाजारात चक्कर मारावी. घाटावरच्या त्या बाजारात नवं-जुनं, सुटं-मोडकं काहीही सापडतं. एका मुलीला तिथे नुसती सायकलची घंटी मिळाली होती. घासाघीस पोरांनाच करू द्या.

पण माझं मत विचाराल तर सगळ्यात चांगल्या भेटी विकत घेतलेल्या नसतात. सरांच्या आधी उत्तर देणारी जी मुलगी मघाशी सांगितली, तिला २०४६ मध्ये न्यायाधीश केलं होतं, साक्षीदाराने तोंड उघडायच्या आत निकाल देणारी. तिची भेट होती पुठ्ठ्याचा कापलेला, वीतभर उंचीचा, काळा रंगवलेला स्वल्पविराम. खर्च शून्य. मराठीच्या शिक्षिकेला आणखी काय पाहिजे?

काही वस्तूंवर डोळा ठेवा. आरसा, कंगवा, साबण, पावडर आणि दात घासायचा ब्रश. भविष्य चाळणीतून सुटलं तरी शरीरावरचा विनोद या पाच वस्तूंच्या पोटात लपून येतो. जिवंत काही आणायचं नाही, हा नियम मी कोंबडीच्या पिल्लानंतर केला. तपशील विचारू नका.

गुंडाळायला प्रिलिमच्या सराव प्रश्नपत्रिका वापरा. ढीगभर असतात, फुकट असतात आणि आपण न सोडवलेला भूमितीचा प्रश्न फाडताना पोरांना जो आनंद होतो तो वेगळाच. पुड्यावर नाव लिहू नका, वाचनाच्या क्रमाचा आकडा टाका आणि सगळं भाजीच्या दोन क्रेटमध्ये रचून ठेवा. एक ते चोवीस एकात, पुढचे दुसऱ्यात. हे केलं नाही तर मंचावर पुडी शोधण्यात वीस मिनिटं जातात, अनुभव आहे.

त्या दिवशी

वाचणारे दोघं असावेत, आलटून-पालटून, आकाशवाणीवर बातम्या वाचणाऱ्यांसारखे कोरडे. वाचणारा हसला की मजा गेली. म्हणून वर्गातला सगळ्यात विनोदी मुलगा वाचायला कधीच घेऊ नका, तो मध्ये स्वतःची भर घालतो. सपाट चेहऱ्याची, स्पष्ट उच्चारांची दोन पोरं शोधा आणि आदल्या दिवशी सगळं एकदा मोठ्याने वाचून घ्या. अक्षर लागत नाही, हे मंचावर कळू नये.

नाव शेवटी घ्यायचं. आधी भविष्य, मग दोन क्षण शांतता. वर्ग आपणच ओरडतो कोण आहे ते. मग तो पुढे येतो, लिहिणारा क्रेटमधून पुडी काढून त्याच्या हातात देतो आणि तिथेच उघडायला लावतो.

क्रम हजेरीप्रमाणे नको. सुरुवातीला चार-पाच बिनधास्त पोरं घ्या, जी स्वतःवर हसू शकतात. हॉल त्यांच्यावर तापतो. गप्प मुलं मधल्या टप्प्यात ठेवा, लोक हसण्याच्या लयीत आलेले असतात पण दमलेले नसतात. शेवट पहिल्या नंबरच्या मुलीने करायचा अशी प्रथा आहे, ती मोडा. तिला वर्षभर टाळ्या मिळाल्यात. जो आला नाही त्याचंही वाचा, आणि त्याची पुडी शेजाऱ्याकरवी घरी पोहोचवा. लाइट गेली तर माईकशिवाय वाचता येईल असा हॉल असेल तर बरं, नाहीतर सगळ्यांना पुढे सरकून जमिनीवर बसवा. खरं तर तेच जास्त रंगतं.

शेवटी शिक्षकांची पाळी. पोरं दोन महिने याचीच वाट पाहत असतात. शिक्षकांचे कागदही चाळणीतून गेले पाहिजेत, पण ती चाळणी मी शाळेतल्या दुसऱ्या शिक्षिकेकडे देते, माझ्यावरचं मीच काय गाळणार? आमच्या गणिताच्या सरांना 'फक्त दोन मिनिटं' म्हणून तास वाढवायची सवय. त्यांच्यावर लिहिलं होतं की २०४६ मध्ये सर निवृत्त होऊन गंगापूर धरणावर फिरायला गेलेत, सूर्य मावळत होता, सर म्हणाले 'फक्त दोन मिनिटं', आणि अजून उजेड आहे. सर खूप हसले. मग घड्याळ बघून म्हणाले, मी दोनच मिनिटं बोलतो.

नंतर

सगळी भविष्यं एका जाड वहीत चिकटवा, प्रत्येकाने आपल्या पानावर सही करायची. वही शाळेत राहते. प्रत्येकाला स्वतःच्या पानाचा फोटो मिळतो, बाकीच्यांच्या पानांचा नाही. वर्गाच्या ग्रुपवर व्हिडिओ टाकायचा नाही, हे त्याच दिवशी सांगून ठेवा. हॉलमध्ये जे हसण्यावारी गेलं ते काकांच्या ग्रुपवर पोहोचल्यावर तसं राहत नाही.

त्या पेनवाल्याचं सांगायचं राहिलं. मराठीच्या पेपरला मी केंद्रावर मुलांना भेटायला गेले होते. फाटकापाशी गर्दी होती, पालक होते, दह्याच्या वाट्या घेऊन आलेल्या आया होत्या. हा गर्दीतून वाट काढत माझ्याकडे आला. शर्टाच्या खिशात तेच पेन, सुतळी कापून दोन बोटांएवढी ठेवलेली. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. जवळ येऊन हळूच म्हणाला, "मॅडम, पट्टी आहे का?"